बर्फाच्या कारखान्यातलं नाक

नाकोबाचं नाक दिसायला काही खास नव्हतं. जरा फताडं, शेंड्याला लालसर, वर चष्म्याने पाडलेला खड्डा. पण त्या बर्फाच्या कारखान्यात गेली एकतीस वर्षं प्रत्येक पाळी त्या नाकाला विचारून सुरू होत होती, आणि म्हणून त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतंच उरलं होतं.

सकाळी साडेसातला नाकोबा मशीनघरात शिरायचा, डबा खुंटीला अडकवायचा आणि मान वर करून फेरीला निघायचा. कॉम्प्रेसरच्या मागे, तेलाच्या पिंपाशी, जाड पाइपांच्या प्रत्येक जोडाशी थांबून, खरबूज निवडणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकासारखा तो हुंगायचा. मग मधल्या दारातून टाकीच्या हॉलमध्ये. तिथे जमिनीत बांधलेली लांबलचक टाकी, टाकीत मिठाचं पाणी, आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेले पत्र्याचे साचे. टाकीच्या कडेने आणखी एक फेरी झाली की क्रेनपाशी येऊन तो उजवा हात वर करायचा. मग क्रेन हलायची, साचे वर यायचे आणि बर्फाच्या लाद्या घसरत बाहेरच्या ओट्यावर जायच्या. हात वर झाला नाही तर कुणी बोटसुद्धा हलवत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा जास्त पाळलं जायचं. दिवसातून कधीही शंका आली तर माणसं मधल्या खिडकीच्या काचेतून मशीनघराकडे बघत. नाकोबाने हात वर केला की पुन्हा कामाला लागत. त्यांच्यात नाकोबाचा स्वतःचा मुलगाही होता. टाकीवरचा सगळ्यात चपळ माणूस.

ही सगळी खटपट पाइपांमधला अमोनिया कुठे गळत तर नाही ना, यासाठी. नाकोबाची शाळा सातवीतच सुटली होती, पण अमोनियावर बोलायला लागला की शिकलेल्यांनी ऐकत बसावं. त्याची नात तेव्हा सातवीत होती. दिवसभर प्रश्न विचारायची म्हणून घरात तिला सगळे चौकशी म्हणत. एका रविवारी तिने विचारलं, "आजोबा, बर्फ करायला गॅस कशाला लागतो?"

नाकोबाने कपाटातलं स्पिरिट काढलं आणि कापसाने तिच्या मनगटाला लावलं. "फुंक मार."

"गार लागतंय."

"का?"

"स्पिरिट उडतंय म्हणून."

"उडायला त्याला ऊब लागते. ती त्याने तुझ्या हातातून घेतली. आमचा अमोनिया तेच करतो, फक्त त्याची भूक राक्षसाची. पातळाचा वायू होताना तो मिठाच्या पाण्यातली ऊब ओढून घेतो. ते पाणी मिठामुळे गोठत नाही, पण साच्यातलं साधं पाणी गोठतं. मग मशीन त्या वायूला दाबून पुन्हा पातळ करतं. चाललंय आपलं, गोल गोल."

"आणि तो बाहेर आला तर?"

नाकोबाने स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं. "त्याला पाणी फार आवडतं. एवढ्याशा पाण्यात खोलीभर मुरतो. बाहेर आला की आधी ओलं काय आहे तिकडे धावतो. माणसात ओलं काय असतं, सांग?"

चौकशीने विचार केला. "डोळे."

"डोळे, नाक, घसा," नाकोबा म्हणाला. तिने ते वहीत लिहून घेतलं. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीला घाबरवू नका हो." सुनेचा नवरा, म्हणजे नाकोबाचा मुलगा, त्या वेळी पलीकडच्या खोलीत घोरत होता.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. कारखान्यात एक भोंगा होता. हवेत अमोनिया आला की आपोआप वाजणारा, टाकीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलेला. पण फरशी पुसायच्या औषधालाही तो भुलायचा आणि आठवड्यातून दोनदा सगळ्यांची दाणादाण उडवायचा. नऊ वर्षांपूर्वी एकदा असाच तो कोकलला तेव्हा नाकोबा सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाला होता, "साहेब, मी असताना ही किरकिर कशाला? माझं नाक काय भाड्याने आणलंय?" सगळे हसले. साहेबही हसले, आणि भोंग्याची वायर काढली गेली. ती अजून तिथेच लोंबत होती, टोकाला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली. गंधकाच्या कांड्यांचा डबाही कपाटात तसाच पडून होता. पूर्वी कांडी पेटवून जोडापाशी फिरवायचे, गळती असली की तिथे दाट पांढरा धूर उठायचा. नाकोबाला तो पोरखेळ वाटायला लागला होता.

मागच्या हिवाळ्यात नाकोबाला ताप आला. नऊ दिवस पडून होता. दहाव्या दिवशी उठला, हिंडायला-फिरायला लागला. पंधराव्या दिवशी सून दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला गेली. दूध उतू गेलं, पातेलं करपून काळं झालं, घरभर धूर कोंडला. सून खोकत धावत आली तर सासरे चार हातांवर पेपर वाचत बसलेले.

"बाबा, वास नाही आला?"

"वाचनात लक्ष होतं," नाकोबा म्हणाला. ते खोटं होतं. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हाच त्याला कळलं होतं, आणि तरी तो पेपर तोंडासमोर धरून बसून राहिला होता.

पुढचे काही दिवस त्याने घरात कुणी नसताना सगळं हुंगून पाहिलं. कांदा, रॉकेल, बूटपॉलिश, स्वतःची बनियन. कशालाच वास नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल, नाही येईल, सांगता येत नाही. नाकोबाने डॉक्टरांनी दिलेले कागद दवाखान्याच्या पायऱ्यांवरच फाडले आणि सोमवारी सकाळी साडेसातला मशीनघरात जाऊन, मान वर करून, फेरी मारली. क्रेनपाशी आला. सगळे बघत होते. त्याने हात वर केला.

तेव्हा सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ती वायर जोडा. दोन मिनिटांचं काम. पण एकतीस वर्षं ज्या माणसाचं नाव नाक, त्याने चारचौघांत नाक गेलं म्हणून कसं सांगावं? त्याला गेटवर खुर्ची देतील, पोरं मागून हसतील. आज सांगू, उद्या सांगू करत हिवाळा सरला. रोज सकाळी तो खोटं खोटं हुंगायचा आणि त्याची त्यालाच किळस यायची.

त्याचं बिंग फोडलं चौकशीने. तिला शाळेतून एक प्रयोग दिला होता. डोळे बांधायचे, नाक दाबायचं, आणि जिभेवर ठेवलेली फोड सफरचंदाची की कच्च्या बटाट्याची ते ओळखायचं. नाक दाबलं की भल्याभल्यांना ओळखता येत नाही, सोडलं की लगेच येतं, कारण चवीचा अर्धा कारभार नाकाकडे असतो. आई चुकली, बाबा चुकले, नाक सोडल्यावर दोघांनी ओळखलं. मग आजोबांची पाळी आली.

"बटाटा," नाकोबा म्हणाला.

"आता नाक सोडा."

"बटाटाच."

फोड सफरचंदाची होती. मग तिने कांद्याची फोड नुसती नाकाखाली धरली, जिभेवर ठेवलीच नाही. "आता हे काय?"

"सफरचंद," नाकोबाने ठोकून दिलं.

आई-बाबा आपापल्या कामाला गेले होते, खोलीत आता दोघंच होती. चौकशीने त्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला आणि कांद्याची फोड त्याच्यासमोर धरली. "आजोबा, तुम्हाला वासच येत नाही."

"हळू बोल."

"मग कारखान्यात काय करता?"

नाकोबाने तिचे दोन्ही हात धरले. "हे आपल्या दोघांत ठेव. मी बघतो काहीतरी." सातवीतल्या मुलीपुढे हात जोडायची पाळी आली याची त्याला लाज वाटली, आणि ती गप्प राहायला तयार झाली याची त्याहून जास्त.

पण ती चौकशी होती. स्वस्थ बसणारी नव्हे. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातात एक पत्र्याची चपटी डबी ठेवली. आत टीपकागदाच्या पट्ट्या, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या, पिवळ्याधमक.

"कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना? साबण अल्कली म्हणून. अमोनिया पाण्यात मुरला की तोही अल्कली. पट्टी ओली करायची आणि जोडापाशी धरायची. लाल झाली की गळतंय. शाळेतल्या बाईंनी दिलेल्या अमोनियाच्या पाण्यावर घरी करून बघितलं, होते लाल."

नाकोबाने डबी खिशात टाकली. त्या दिवसापासून फेरीत त्याच्या डाव्या मुठीत एक ओली पट्टी असायची. मान वर करून हुंगायचं नाटक करायचं आणि मूठ उघडून हळूच बघायचं. पट्टी पिवळी असायची. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तो खऱ्या मनाने हात वर करत होता.

उन्हाळा चढला. बर्फाला मागणी एवढी की टाकीवरच्या माणसांना पाणी प्यायला फुरसत नव्हती. एका सकाळी कॉम्प्रेसरमागे त्याने मूठ उघडली तर पट्टी लाल. त्याने काम थांबवलं, सगळ्यांना बाहेर काढलं, धूळ खाल्लेली गंधकाची कांडी शोधून पेटवली आणि एकेका जोडापाशी फिरवली. धूर कुठेच नाही. अर्धा तास गेला, ट्रक खोळंबले, साहेब घड्याळ बघत उभे. मग त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं. लाल होती ती फक्त मधोमध, जिथे त्याने धरली होती तिथे. फेरीच्या आधी तेलकट हात साबणाने धुतले होते.

त्याने हात वर केला. क्रेनवाला म्हणाला, "नाकोबा, आज नाकाला सर्दी वाटतं," आणि सगळे खदाखदा हसले. साहेब हसले नाहीत. "वय होतंय हो तुमचं," एवढंच बोलून गेले. मुलगा मात्र जवळ आला. "हसू देत बाबा. तुम्ही थांबवलंत तेच बरं." नाकोबाला त्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं.

त्यानंतर नवव्या दिवशीची दुपार. तीन वाजून गेले होते. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं आणि गच्चीवरच्या पाइपांना अमोनियाने ओढलेली ऊब बाहेर सोडायला जागा मिळेना, म्हणून आतला दाब चढलेला. नाकोबाने डबा खाल्ला, हात धुतले आणि फेरीला निघाला. मशीनघरातून टाकीकडे जाणारा जाड पाइप भिंतीत शिरतो तिथे एक जोड होता. त्यातला पॅकिंगचा रबर कधी बदलला होता ते कुणालाच आठवत नव्हतं. नाकोबाने तिथे पट्टी धरली.

पट्टी लाल व्हायला लागली.

बोटांपाशी नाही. बोटांपाशी ती पिवळीच होती. लाली वरच्या टोकाला, जोडाच्या बाजूला उमटली आणि हळूहळू खाली उतरली. नाकोबाने ते बघितलं. ते नीट बघितलं, यात काही शंका ठेवायला नको. आणि तरी तो मनाशी म्हणाला, साबणच असेल. जेवून हात धुतलेच होते. पुन्हा कांडी, पुन्हा ट्रक, पुन्हा ते हसणं. हात नुसत्या पाण्याने धुवावेत, कोरडे करावेत, दुसरी पट्टी लावावी आणि मगच काय ते बोलावं.

त्याच वेळी काचेवर टकटक झाली. पलीकडे त्याचा मुलगा उभा होता, बाहीने डोळे पुसत. गॅस भिंतीपलीकडे जास्त सुटत होता, म्हणून टाकीवर सगळ्यांच्याच डोळ्यांत जरा चुरचुरत होतं, नाकालाही लागत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं, काही असतं तर नाकोबा बोलला असता. मुलाने भुवया उंचावून विचारलं. ठीक आहे ना?

नाकोबाचा उजवा हात वर गेला. रोज जायचा तसा.

मुलाने मान डोलावली आणि टाकीच्या पार मागच्या टोकाला गेला, जिथे शेवटची रांग काढायची राहिली होती.

नाकोबाने नळाखाली हात धुतले. पायजम्याला पुसले. ते पुरेसे कोरडे वाटेनात म्हणून पुन्हा पुसले आणि पार सुकेपर्यंत हवेत धरून उभा राहिला. डबी उघडली, पट्टी भिजवली, चिमटीत अगदी कडेला धरली आणि जोडापाशी नेली. ती धरताच लाल झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो ओरडायला वळला. मागून जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज आला, भिंतीच्या पलीकडून, आणि काचेमागचा हॉल पांढरा झाला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मुख्य झडप फिरवली. पोतं नळाखाली भिजवून तोंडाला बांधलं. गॅसला पाणी आवडतं, तर तो आधी पोत्यात मुरू दे. दाराजवळची माणसं खोकत बाहेर पळत होती. तो गुडघ्यांवर, चाचपडत, टाकीच्या कडेकडेने मागे गेला. मुलगा साच्यांवर पालथा पडलेला सापडला. त्याला ओढत ओट्यावर आणलं, साचे भरायचा पाण्याचा पाइप त्याच्या तोंडावर सोडला आणि पापण्या उघडून धरून, रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी मारत राहिला. मुलगा श्वास घेत होता. "बाबा, डोळे उघडा ना माझे," तो म्हणत होता. डोळे उघडेच होते.

पाचव्या दिवशी दवाखान्यात सगळे जमले होते. मुलाच्या डोळ्यांवर जाड पांढऱ्या पट्ट्या. डॉक्टर म्हणाले होते, उजव्याची आशा धरा, डाव्याची धरू नका. सून उशाशी बसलेली, साहेब पायथ्याशी उभे, क्रेनवाला दारात. नाकोबा भिंतीला टेकून होता, त्याचा घसा अजून भाजलेला.

"रबर अचानक गेला," साहेब सांगत होते. "अहवालात तसंच आहे. नाकोबांच्या नाकालाही चाहूल लागली नाही म्हणजे बघा. कुणाचा दोष नाही. उलट नाकोबा आत शिरले म्हणून हा आज आहे."

"ते तर आहेच," क्रेनवाला म्हणाला. "दुसरा कुणी शिरला असता का?"

मुलाने हवेत हात पुढे केला. सुनेने नाकोबाचा हात त्यात दिला. मुलाने तो घट्ट दाबला. नाकोबाला वाटलं, हे असंच राहू शकतं. कुणी विचारणार नाही. एकतीस वर्षांचं नाव शाबूत राहील, वर जीव वाचवल्याचं हे नवीन.

चौकशी खिडकीत पाठ करून उभी होती. पाच दिवसांत तिने कुणालाही एक प्रश्न विचारला नव्हता. आता ती वळली. तिच्या हातात तीच चपटी डबी होती. कारखान्यातून आलेल्या नाकोबाच्या कपड्यांत सापडली असणार.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "हळद जुनी होती. बरणीच्या तळाची. मी नवीन घ्यायला हवी होती. माझ्या पट्ट्या चालल्या नाहीत म्हणून बाबांचे डोळे गेले."

"कसल्या पट्ट्या?" साहेबांनी विचारलं.

चौकशी नाकोबाकडे बघत होती. हो म्हणून नुसती मान हलवली असती तरी दोष हळदीवर गेला असता. ती पोर जन्मभर त्या बरणीच्या तळाशी बघत राहिली असती आणि लाल पट्टीचं कुणाला काही कळलं नसतं.

नाकोबाने मुलाच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"तुझ्या पट्ट्या चांगल्या होत्या," तो म्हणाला. भाजलेल्या घशातून शब्द नीट निघेनात. "पट्टी लाल झाली होती. मी बघितली. मला हिवाळ्यापासून वास येत नाही साहेब, या पोरीला ते माहीत होतं, म्हणून तिने त्या करून दिल्या. लाल झाली आणि मी हात वर केला."

सून उठून उभी राहिली. मुलाचं पट्ट्या बांधलेलं तोंड आवाजाच्या दिशेने वळलं.

"मी काचेवर टकटक केली तेव्हा?" त्याने विचारलं.

"तेव्हा लाल झालेली होती."

"आणि फुटलं कधी?"

"दहा मिनिटांनी."

मुलाने मान पुन्हा सरळ केली. चादरीवरचा त्याचा हात अजून उघडाच होता, तो त्याने मिटून पोटावर घेतला. चौकशीने डबी टेबलावर ठेवली, बाबांच्या औषधांशेजारी, आणि तोंड ओंजळीत धरून रडायला लागली. नाकोबा तिच्याकडे जायला निघाला. सून मधे उभी होती, आणि ती बाजूला झाली नाही.